आता बरी आहे, मग तपासणी कशाला?

इंदूरच्या एका मराठी वस्तीतून एका सासूबाईंचं पाच पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात देते.

गेल्या वर्षी गणपतीत त्यांच्या २९ वर्षांच्या सुनेला कणकण, थकवा आणि पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आले. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स २२ हजार. गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट होते, म्हणून घरच्यांनी हाही डेंग्यूच धरला. चार दिवस पपईच्या पानांचा रस, नारळपाणी, किवी. अनंत चतुर्दशीच्या रात्री तिची जीभ जड झाली, बोलायला शब्द सापडेनात. झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या, गर्दीतून वाट काढत इस्पितळ गाठेपर्यंत आकडा ११ हजारांवर आला होता. नातेवाइकांनी रातोरात प्लेटलेट्ससाठी सहा डोनर उभे केले, पण रक्तविकारतज्ज्ञांनी प्लेटलेट्स चढवायला साफ नकार दिला. आजाराचं नाव निघालं टीटीपी (थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा). मानेत नळी घालून नऊ दिवस प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव भाग, बदलला, स्टिरॉइड दिलं आणि सून घरी आली.

याला आता अकरा महिने झाले. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार आहेत. मात्र अ‍ॅडॅमटीएस-१३ नावाची तपासणी मागच्या वेळी ४६ टक्के होती, ती या वेळी १४ टक्के आली आणि डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब हे औषध सुचवलं. मुलाने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका शोधून वाचली. तिच्यात ही शिफारस 'सशर्त' आहे, म्हणजे गरज नाही, असं तो म्हणतो. यजमान म्हणतात, चांगली चालतीफिरती पोर, तपासण्या हे कमाईचे धंदे. नागपूरच्या विहीणबाई अजून ऐकवतात, की प्लेटलेट्स न देऊन माझ्या मुलीच्या जिवाशी खेळलात. त्यात नातवंडाचा विषय निघाला आहे. शिवाय सून पूर्वीसारखी राहिली नाही. गॅसवर दूध ठेवून विसरते, दुपारी तासन् तास झोपते. 'मी कोणाचं ऐकू?' असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि समासात खुणा केल्या. मुलाचं मत इथे, यजमानांचं इथे, विहीणबाईंचं, शेजारच्या काकूंचं, दोन डॉक्टरांचं. सुनेचं कुठे आहे ते शोधता शोधता पाचवं पान संपलं. तुम्ही ते मुद्दाम गाळलंत असं मला मुळीच वाटत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर नऊ रात्री काढणाऱ्या बाईबद्दल तसं वाटणारही नाही. पण एवढं लक्षात राहू द्या, मला तिथे परत यायचं आहे.

आधी विहीणबाईंचा राग, कारण सगळी गाठ तिथे बसली आहे. त्यांचा हिशेब सरळ आहे. हंड्यात पाणी कमी, तर पाणी ओता. आपल्याकडे दर पावसाळ्यात घरोघरी हाच हिशेब चालतो, रोज सकाळी आकडा विचारायचा आणि डोनर शोधत फिरायचं. खरं तर डेंग्यूतसुद्धा आकडा १० हजारांच्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल, तर नुसत्या आकड्याच्या भीतीने प्लेटलेट्स चढवायच्या नसतात. पण ते राहू द्या, सुनेला डेंग्यू नव्हताच.

तिच्या आजारात प्लेटलेट्स कमी होत्या त्या शरीर बनवत नव्हतं म्हणून नव्हे. बनत होत्या आणि जागोजागी अडकून संपत होत्या. आपल्या रक्तात व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रथिन असतं, लांबच लांब धाग्यासारखं. जखम झाली की प्लेटलेट्स त्याला चिकटतात आणि रक्त थांबतं. हा धागा वेळच्या वेळी कापून आखूड ठेवणारी एक कात्री रक्तातच असते. तिचं नाव अ‍ॅडॅमटीएस-१३. सुनेच्या शरीराने या कात्रीविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली आणि कात्री बंद पडली. मग संक्रांतीनंतर गल्लीत आडवा पडलेला मांजा असतो ना, तसे हे धागे मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या बारीक केशवाहिन्यांत पसरले. येणारी-जाणारी प्लेटलेट त्यांना चिकटत गेली आणि मधून वाट काढणाऱ्या तांबड्या पेशी चिरल्या गेल्या. त्या रात्री तिची जीभ जड झाली ती याच गुठळ्यांनी. रक्त पातळ झाल्यामुळे नव्हे.

अशा वेळी आणखी प्लेटलेट्स देणं म्हणजे मांज्याला आणखी पतंग अडकवणं. मी इथे प्रामाणिक राहते. प्लेटलेट्स दिल्याने प्रत्येक वेळी नुकसान होतंच असं कोणी पक्कं सिद्ध केलेलं नाही. पण जीवघेणा रक्तस्राव नसेल तर त्या देऊ नयेत यावर जाणकारांचं एकमत आहे. डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलला, म्हणजे प्रतिपिंडं असलेला तिचा प्लाझ्मा काढून टाकला आणि डोनरच्या प्लाझ्मातून चालू कात्री आत घातली. नुसता प्लाझ्मा चढवून का भागलं नसतं, असंही तुम्ही विचारलं आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. १०२ पेशंट, निम्म्यांना प्लाझ्मा बदलून, निम्म्यांना नुसता चढवून. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ७८ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६३ टक्के. उपचारच नव्हते तेव्हा दहातले नऊ जात. या आजाराची पहिली नोंद १९२४ ची, न्यूयॉर्कच्या डॉ. मॉशकोविट्झ यांची. त्यांची पेशंट सोळा वर्षांची मुलगी होती आणि काही दिवसांत गेली.

आता माझं थोडं सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट, सगळी नोकरी मायक्रोस्कोपवर वाकून झाली. ऐंशीच्या दशकात नवशिकी असताना एका तरुण शिक्षिकेची स्लाइड माझ्यापुढे आली. प्लेटलेट्स अगदी विरळ. तांबड्या पेशींमध्ये बरेच तुकडे, काही शिरस्त्राणासारखे, काही तिरपे छाटल्यासारखे. मला वाटलं, आमच्या माणसाने स्लाइड नीट पसरवली नाही. रिपोर्टात 'प्लेटलेट्स कमी' एवढंच लिहिलं. वॉर्डात तिला प्लेटलेट्स चढवल्या, चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हा या कात्रीचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं, हे मी स्वतःला आजवर बऱ्याचदा सांगितलं आहे. पण तुकडे मला दिसले होते आणि मी ते लिहिले नाहीत. तुमच्या सुनेच्या वेळी रात्रपाळीला असलेल्या कोणीतरी ते पाहिले आणि लिहिले, म्हणून हे पत्र तुम्ही मला लिहू शकलात. विहीणबाईंना फोनवर हे सांगून पाहा. मार्गदर्शिका ऐकवण्यापेक्षा याचा उपयोग होईल.

पपईच्या पानांच्या त्या चार दिवसांबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावून घेता आहात. डेंग्यूच्या हंगामात २२ हजार आकडा पाहून टीटीपी आठवेल असे डॉक्टरही थोडे. दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन-चार नवे पेशंट, एवढा हा आजार विरळ. मात्र असाच प्रसंग दुसऱ्या कोणाच्या घरी आला तर काय पाहावं, ते इथे लिहून ठेवते. डेंग्यूत रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन बहुधा वर जातं. प्लेटलेट्सबरोबर हिमोग्लोबिनही घसरत असेल, डोळे पिवळसर, लघवी गडद, बोलण्यात किंवा वागण्यात अचानक फरक, तर डॉक्टरांना त्याच दिवशी म्हणा, 'स्मिअर डोळ्यांनी पाहून घ्या आणि एलडीएच करा.' स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, एलडीएच म्हणजे पेशी तुटल्या की रक्तात वाढणारा घटक. स्मिअरमध्ये तुटक्या पेशी, एलडीएच चढलेलं आणि पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी मात्र जवळजवळ नॉर्मल, अशी तिन्हीची संगत लागली की पुढचं चक्र फिरायला हवं. डॉक्टर यासाठी प्लास्मिक नावाचा सात गुणांचा साधा हिशेब मांडतात. सहा-सात गुण आले, तर अ‍ॅडॅमटीएस-१३ चा रिपोर्ट यायची वाट न पाहता प्लाझ्मा बदलणं आणि स्टिरॉइड सुरू करायचं. रिपोर्ट १० टक्क्यांच्या खाली आला की निदान पक्कं. फक्त नमुना प्लाझ्मा देण्याआधी घेतलेला हवा, फिकट निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. नंतर घेतला तर डोनरची कात्री मोजली जाते आणि सगळा गोंधळ होतो.

आता यजमानांचं म्हणणं. चालतीफिरती आहे, आकडा अडीच लाखांच्या घरात, मग तपासणी कशाला. त्यांचं तर्कशास्त्र विहीणबाईंचंच आहे हे त्यांना सांगू नका, चिडतील. दोघंही प्लेटलेट्सकडे पाहून आजार आहे की नाही ते ठरवतात. पण या आजारात प्लेटलेट्स सर्वात शेवटी पडतात. कात्री आधी बोथट होते, कधी आठवडे, कधी महिने आधी, आणि त्या काळात माणूस ठणठणीत दिसतो. एकदा टीटीपी झालेल्या तिघांत एकाला, कधी दोघांत एकाला तो पुन्हा होतो. म्हणून बरं झाल्यावर पहिले तीन महिने दर महिन्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी ही पातळी पाहावी असं जाणकार सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. ४६ वरून १४ हा उतार प्लेटलेट्सच्या रिपोर्टात कधीच दिसला नसता. धंद्याचं म्हणाल, तर तपासण्यांचे धंदे आहेत, मी त्या बाजारातच आयुष्य काढलं. ही तपासणी त्यातली नाही.

मुलाला मात्र शाबासकी द्या. मार्गदर्शिका उघडून वाचणारे नवरे मी फार पाहिले नाहीत. त्याने वाचलं ते बरोबर वाचलं, अर्थ लावताना घसरला. २०२० ची ही मार्गदर्शिका थ्रोम्बोसिस (गुठळ्या होणं) आणि हिमोस्टॅसिस (रक्तस्राव थांबणं) यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची. ती ठरवणाऱ्या मंडळात डॉक्टरांबरोबर या आजाराचे पेशंटही होते. तिच्यात शिफारशी दोन प्रकारच्या आहेत, ठाम आणि सशर्त. सशर्त म्हणजे 'नाही केलं तरी चालेल' असं नव्हे. सशर्त म्हणजे, नीट समजावून सांगितलं तर बहुतेक पेशंट हे स्वीकारतील, पण बरेच जण आपापल्या कारणांनी नकोही म्हणतील, तेव्हा डॉक्टरांनी पेशंटशी बोलून ठरवावं. पुरावा किती भक्कम हा वेगळा प्रश्न. इतक्या विरळ आजारात हजारो पेशंटांचा अभ्यास आणायचा कुठून? प्लाझ्मा बदलताना सोबत स्टिरॉइड द्यावं ही शिफारस ठाम आहे आणि तिच्याही मागचा पुरावा 'अगदी कमी खात्रीचा' असंच तिथे लिहिलं आहे. मुलाने तोही शब्द पाहिला असेल.

तर 'सशर्त' या शब्दाने निर्णय तुमच्या मुलाच्या हातात आला नाही, तुमच्याही नाही. तो सुनेच्या हातात आला. मी मघाशी म्हटलं ते हेच.

तिच्यापुढे वाटा काय आहेत ते मांडते. मी तिची डॉक्टर नाही, फाईल पाहिलेली नाही, तेव्हा हे तिने तिच्या डॉक्टरांसमोर नेऊन ताडून पाहावं. पहिली वाट, रिटुक्सिमॅब घ्यायचं. हे औषध प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी संपवतं. बहुतेकांत कात्रीची पातळी काही आठवड्यांत वर येते, पण कायमची नाही, पुढे पुन्हा उतरू शकते. देशी बनावटीचं रिटुक्सिमॅब भारतात २००७ पासून मिळतं, त्यामुळे खर्च जड असला तरी पूर्वीइतका अवाक्याबाहेर नाही. घेण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण अंगात दबून असलेला तो विषाणू या औषधाने उसळू शकतो. लसी राहिल्या असतील तर आधी उरकायच्या. पहिल्या सलाईनच्या वेळी थंडी-ताप येऊ शकतो, म्हणून ते सावकाश देतात. पुढचे काही महिने संसर्गाला जपायचं.

दुसरी वाट, दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासणी पुन्हा करायची आणि मग ठरवायचं. मधल्या काळात दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलडीएच. ही पळवाट नाही. नमुना नीट गोठवून पाठवला गेला नसेल तर आकडा चुकतो. तिसरी वाट, काही न करता लक्ष ठेवायचं. काही जण ती निवडतात आणि निभावूनही नेतात. तुमच्या घरी नातवंडाचा विषय निघाला नसता, तर मी या तिसऱ्या वाटेवर आणखी चार ओळी लिहिल्या असत्या.

पण तो निघाला आहे. गरोदरपणात तो धागा वाढतो आणि कात्री आपोआप थोडी कमी होते, अगदी धडधाकट बाईतसुद्धा. जिची कात्री आधीच १४ वर आहे, तिच्यासाठी शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे दिवस धोक्याचे. म्हणून गरोदरपणात पातळी उतरलेली असेल तर लक्षणं नसतानाही प्रतिबंधक उपचार करावेत, ही शिफारस मात्र ठाम आहे. याचा अर्थ मूल नको असा नाही. टीटीपी होऊन गेलेल्या बायकांना मुलं होतात. आधी पातळी वर आणायची, मग दिवस राहू द्यायचे आणि नऊ महिने रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली राहायचं. रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात शेवटच्या डोसनंतर १२ महिने दिवस राहू देऊ नयेत असं आहे. त्या काळात दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणायच्या नाहीत, इस्ट्रोजेन असलेली गोळी अशा बाईला सहसा देत नाहीत. म्हणजे वाट पाहावी लागणार, ताई. वर्ष, कदाचित दीड. मला विचाराल तर मी पातळी लगेच पुन्हा पाहून, तीच आली तर औषधाच्या बाजूने झुकले असते. पण मी २९ ची नाही आणि मूल मला नको आहे.

बारशाच्या आमंत्रणांना उत्तर काय द्यायचं हे मात्र तुमच्या हातात आहे. 'अजून काही नाही का?' असं विचारणाऱ्या काकूंना तुम्ही पुढे होऊन गप्प केलंत, तर सुनेला कुठल्याही औषधापेक्षा आधी गुण येईल.

आणि ते दूध. तुम्ही ते पत्राच्या अगदी शेवटी, ओशाळून लिहिलं आहे. 'आळस म्हणवत नाही, पण...' टीटीपीतून वाचलेल्या अनेकांना पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, विसरायला होतं, लक्ष एका जागी राहत नाही, थकवा जात नाही. नैराश्यही येतं. मेंदूच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन गेल्या आहेत, प्लेटलेट्स परत आल्या म्हणून ते पुसलं जात नाही. ती डॉक्टरांना हे सांगत नसेल, कारण त्यांच्या खोलीत बोलणं फक्त आकड्यांचं होतं. पुढच्या भेटीत हे तिने स्वतः सांगावं. तिला जमत नसेल तर कागदावर लिहून द्यावं. दुधासाठी जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ते काम काही दिवस मुलाकडे सोपवा.

पावसाळा पुन्हा आला आहे, तेव्हा काही गोष्टी या आठवड्यातच करून ठेवा. तिच्या पर्समध्ये आणि मुलाच्या मोबाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाचा फोटो हवा. वर ठळक अक्षरांत लिहा: 'टीटीपी होऊन गेला आहे. प्लेटलेट्स कमी दिसल्यास आधी रक्तविकारतज्ज्ञांना कळवा.' ताप, नवे ठिपके, गडद लघवी, बधिरपणा, बोलताना अडखळणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय नाहीत, त्याच दिवशी सीबीसी. प्लाझ्मा बदलायचं यंत्र रात्रीही चालू असणारं इस्पितळ कोणतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गाडी घरापासून दूर, झांक्यांच्या रस्त्याबाहेर उभी करा. इंदूरच्या हुकुमचंद मिलची झांकी मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आहे, त्या गर्दीतून अँब्युलन्स काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

रक्तदानाचंही एक. प्लाझ्मा बदलायला एका दिवसाला डझनभर किंवा जास्तही पिशव्या लागतात आणि प्लाझ्माचा नियम रक्ताच्या उलटा आहे. रक्तात ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं, प्लाझ्मात एबी. सुनेला दोन भाऊ आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. विहीणबाईंना फोन कराल तेव्हा स्लाइडची गोष्ट सांगून झाली की त्या दोघांचे रक्तगट विचारून घ्या.